सातव्या चिपेचं उत्तर

शाळेच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काम केलेल्या त्या बाईंना मुलं टाचणीमावशी म्हणायची. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे टाचणीमावशी. कारण प्रयोग संपला की दारात उभं राहून त्या प्रत्येकाकडून टाचण्या मोजून घेत. चार दिल्या तर चार परत. वाकलेली दिली तर तिथल्या तिथे बोलणी.

आणि टाचण्या काही शाळेच्या नव्हत्या. शाळेकडून येणाऱ्या टाचण्या इतक्या मऊ, की फळ्यात खुपसायला गेलं की मान टाकायच्या. मावशींचे यजमान शिंपीकाम करत. त्यांच्या डबीतल्या लांब, ताठ टाचण्या मावशी घेऊन यायच्या आणि ते रोज संध्याकाळी विचारायचे, "अगं, माझ्या टाचण्या विज्ञानाला गेल्या त्या परत कधी यायच्या?"

या टाचण्या लागायच्या एकाच प्रयोगाला. लाकडी फळ्यावर पांढरा कागद लावायचा. कागदावर काचेची चीप ठेवायची, म्हणजे अंगाच्या साबणाएवढा काचेचा सपाट ठोकळा. एका बाजूला तिरक्या रेषेत दोन टाचण्या उभ्या करायच्या. मग दुसऱ्या बाजूने, एक डोळा मिटून, काचेतून त्या टाचण्या बघायच्या आणि त्यांच्याच ओळीत दिसतील अशा आणखी दोन टाचण्या अलीकडे लावायच्या. चीप उचलली, भोकं जोडली, की प्रकाश काचेत शिरताना किती वाकला ते कागदावर दिसतं. कोन मोजायचे, साइनचा तक्ता उघडायचा, भागाकार करायचा. उत्तर येतं दीडच्या आसपास. अपवर्तनांक म्हणतात त्याला.

आता उत्तर दीड येतं हे एकदा कळल्यावर कोण कशाला एक डोळा मिटून बसतो? मुलं आधी दीड लिहायची, मग त्याला साजेसे कोन शोधायची, आणि सगळ्यात शेवटी कागदावर रेषा मारायची. मावशींचं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण एकोणतीस वर्षं हा तमाशा बघून त्या पक्क्या झाल्या होत्या. कागद खिडकीच्या उजेडात धरायचा. टाचणी टोचली असेल तर उजेड आरपार येतो. नसेल तर पेन्सिलीचा ठिपका दिसतो, बस.

"भोकं कुठायत?" त्या विचारायच्या.

"मावशी, बुजली असतील."

"कागदाची भोकं बुजतात? जखमा आहेत का त्या?"

मुलं हसायची. विभागप्रमुख सर जर्नलवर सही ठोकायचे. मावशी चडफडत फळे गोळा करायच्या.

त्या वर्षी जुन्या चिपा बाद झाल्या. कोपरे उडालेले, ओरखडे पडलेले, आतलं काही धड दिसेना. बदली म्हणून बारा नव्या चिपा आल्या. मावशींनी त्या धुतल्या, पुसल्या, आणि लाल नेलपॉलिशने प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक ते बारा आकडे घातले. पुसताना सातवी चीप हाताला जरा जड लागली. पण त्या दिवशी नळाला पाणी कमी येत होतं आणि प्रयोगशाळेचा पंखा बंद पडला होता, त्यामुळे जडबिड लागल्याचा विचार करायला डोकं ठिकाणावर नव्हतं.

ती चीप एका मुलीच्या वाट्याला आली. ही मुलगी डावखुरी, म्हणून वर्गात तिला सगळे डावरी म्हणायचे. कामाला चोख, पण बोलायला घुम्मी. तिने प्रयोग केला आणि उत्तर लिहिलं एक पूर्णांक त्रेसष्ट. सरांनी त्यावर लाल फुली मारली.

"पुन्हा कर. टाचण्या नीट लाव."

तिने पुन्हा केला. एक पूर्णांक बासष्ट. पुन्हा फुली. तिसऱ्यांदा केला, पुन्हा बासष्ट, पुन्हा फुली. आता सरांनी वर बघितलं.

"तू डाव्या हाताने कोनमापक धरतेस ना? म्हणूनच. उलटीकडून वाचतेस."

मावशी पलीकडे भिंगं पुसत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. डाव्या हाताने धरलं म्हणून कोन बदलतो? मग उद्या डाव्या हाताने वजन केलं तर गूळ कमी भरेल!

डावरीने कागद गोळा केले. नाक लाल झालं तिचं, इतकंच. सगळे गेल्यावर मावशींनी तिचे तिन्ही कागद खिडकीपाशी धरले. बारा टाचण्यांची बारा भोकं, सुईच्या टोकाएवढी, स्वच्छ. रेषा भोकांच्या बरोबर मधून गेलेल्या. असे कागद त्यांनी दोन-तीन वर्षांत पाहिले नव्हते.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "चीप राहू दे माझ्यापाशी."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशींनी डबा न उघडताच प्रयोगशाळेची कडी आतून लावली. एकोणतीस वर्षांत त्यांनी हा प्रयोग हजारांनी मांडून दिला होता, स्वतः बसून एकदाही केला नव्हता. करायचं काय ते पाठ होतं, पण डोळा मिटून काचेत बघितल्यावर टाचण्या अशा काही सरकल्या, की त्यांनाच दचकायला झालं. काचेच्या वरून दिसणारी डोकी एकीकडे, काचेतून दिसणारे पाय दुसरीकडे. मान धरली, पाठ धरली. पण झालं. साठ अंशाने प्रकाश आत सोडला तर सातव्या चिपेत तो बत्तीसच्या थोडा वर जाऊन थांबला. मग चौथी चीप ठेवली. चौथीत पावणेपस्तीस. अडीच अंशांचा फरक! आंधळ्यालाही दिसावा असा. तक्ता त्यांनी मुलांच्या खांद्यावरून इतक्यांदा पाहिला होता, की साइन काढणं काही अवघड गेलं नाही. चौथीचं उत्तर एक बावन्न. सातवीचं एक बासष्ट.

मग त्या रसायनशास्त्राच्या खोलीतल्या तराजूपाशी गेल्या. बाकीच्या चिपा भरल्या एकशे सत्तर ग्रॅमच्या आसपास. सातवी दोनशे त्रेचाळीस. आकार तोच, उंची तीच, रंग तोच. म्हणजे काचच निराळी. कुठल्या तरी कारखान्यात कुठल्या तरी माणसाने भलत्याच काचेची एक चीप या खोक्यात टाकली, आणि त्याची शिक्षा ही पोरगी भोगतेय.

मावशी सरांकडे गेल्या. सर चहा घेत होते.

"सर, सातव्या चिपेचं उत्तर दीड येत नाही. काच वेगळी आहे ती."

"मावशी, काच म्हणजे काच. पुस्तकात दीड दिलंय."

"पुस्तकातल्या काचेचं दीड असेल, सर. ही आपल्या कपाटातली आहे."

सर हसले. वाईट माणूस नव्हता तो. पण वीस वर्षं तेच ते उत्तर तपासून त्याचे डोळे उत्तराच्या पुढे जातच नव्हते. "तुम्ही कुठे या भानगडीत पडता?" ते म्हणाले. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भानगड! एकोणतीस वर्षं यांच्या टाचण्या वेचल्या, ती भानगड नव्हती.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान विजारीची पट्टी दुमडत होते.

"अगं, माझ्याकडेही गिऱ्हाईक म्हणतं ना, कंबर बत्तीस आहे. टेप लावली की निघते छत्तीस."

"मग तुम्ही काय करता?"

"छत्तीसची शिवतो आणि बत्तीसची म्हणून देतो."

"वा! म्हणजे तुम्हीही त्यातलेच," असं म्हणून मावशींनी ताट जरा आपटूनच वाढलं.

पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राच्या खोलीत त्यांच्या हातून काचेची एक कांडी ग्लिसरीनच्या बरणीत पडली आणि चक्क नाहीशी झाली. बरणी समोर, ग्लिसरीन स्वच्छ, कांडी गायब! त्यांनी बोलणी खाल्ली, आणि शेवटी बरणीत हात घातला तेव्हा ती बोटांना लागली. तिथल्या बाईंनी तेव्हा समजावलं होतं: काच आणि ग्लिसरीन प्रकाशाला सारखंच वाकवतात, त्यामुळे कड दिसत नाही.

तेव्हा मावशींनी एका पसरट काचेच्या भांड्यात ग्लिसरीन ओतलं आणि सरांना हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, तिथे आणलं. आधी चौथी चीप सोडली. कडा विरघळल्यासारख्या फिकट झाल्या आणि लाल चारचा आकडा तेवढा अधांतरी तरंगत राहिला. मग सातवी सोडली. तिच्या कडा ठसठशीत. चारही कोपरे बोट ठेवून दाखवावेत असे.

सर बराच वेळ बघत राहिले. मावशींना वाटलं, आता पडला उजेड.

"हं," सर म्हणाले. "सदोष आहे. बाजूला काढून ठेवा."

"सदोष नाही हो, वेगळी आहे! आणि त्या मुलीच्या फुल्या?"

"तिला सांगा, दुसऱ्या कोणाचे आकडे घालून जर्नल पूर्ण कर. परीक्षा तोंडावर आहे."

मावशींनी कपाळाला हात लावला. बरोबर कोन मोजणाऱ्या एकुलत्या एक मुलीला आता नक्कल करायला सांगायची! ते त्यांनी सांगितलं नाहीच. डावरीला त्यांनी पाचवी चीप दिली. तिने निमूटपणे चौथ्यांदा प्रयोग केला आणि उत्तर आणलं एक बावन्न. सरांची सही झाली.

परीक्षेच्या दिवशी मात्र अडलं. तुकडीत मुलं बारा, आणि सातवी काढल्यावर चिपा अकरा. मावशींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? सकाळी साडेआठला सर घाईघाईने आले. "सातवी काढा बाहेर. कोणाला कळतंय?"

"सर, ज्याला मिळेल त्याचं उत्तर..."

"काढा हो!"

मावशींनी काढली. वर्गात दरवर्षी पहिला येणारा मुलगा होता, त्याला सगळे पहिलानंबर म्हणूनच हाक मारायचे. चिठ्ठ्या टाकल्या आणि सातवी गेली त्याच्याकडे. मावशींना वाटलं, बरं झालं, हुशार आहे, याचं एक बासष्ट आलं तर सरही ऐकतील.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं कमी. त्या एकेका टेबलापाशी जाऊन उत्तरं बघत होत्या. पहिलानंबरच्या टेबलापाशी थांबल्या. अक्षर मोत्यासारखं, रेषा धारदार, तक्ता चौकटीत.

"एक पूर्णांक एक्कावन्न," त्या वाचून म्हणाल्या. "छान."

मावशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ओठ दाबले. परीक्षेच्या खोलीत सेवकाने बोलायचं नसतं, हा नियम त्यांनीच कितीतरी नव्या माणसांना शिकवला होता. पण डावरीचं लाल झालेलं नाक आठवलं आणि तोंडातून निघून गेलं:

"बाई, त्या चिपेचं उत्तर दीड येतच नाही."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. सर दारापाशी होते, ते तिथेच थिजले.

"कशावरून?" परीक्षक बाईंनी विचारलं. रागाने नव्हे, खरोखर विचारलं.

"साठ अंशाला लावून बघा. किंवा तराजूवर ठेवा. बाकीच्यांपेक्षा सत्तर ग्रॅम जास्त भरेल."

परीक्षक बाईंनी चष्मा चढवला, मुलाला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. नवा कागद, चार टाचण्या, एक डोळा मिटलेला. सगळ्यांनी आपापले प्रयोग सोडून तिकडे बघायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी बाईंनी भागाकार केला आणि कागद मुलासमोर सरकवला. एक बासष्ट.

"तुझं एक्कावन्न कसं आलं?"

पहिलानंबरचे कान तांबडे झाले. "बाई, सरच म्हणाले होते की दीडच्या जवळ आलं पाहिजे. नाहीतर फुली."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सर खिडकीबाहेर बघू लागले.

आता इथे गोष्ट संपली असती तर मावशींचा जयजयकार झाला असता. पण परीक्षक बाई काही साध्यासुध्या नव्हत्या. त्यांनी बाराही कागद गोळा केले आणि मावशींना विचारलं, "तुम्ही कसे तपासता?" मावशींनी भाबडेपणाने सांगून टाकलं. बाई खिडकीपाशी गेल्या. सात कागदांवर चाराच्या जागी दोनच भोकं निघाली. अलीकडच्या दोन टाचण्या त्यांनी लावल्याच नव्हत्या. पट्टी ठेवून समांतर रेषा ओढली की झालं.

"सगळ्यांनी पुन्हा करायचं," परीक्षक बाई म्हणाल्या. "बाराही जणांनी. न्याय सगळ्यांना सारखा."

दुपारी एकला संपणारी परीक्षा साडेचारला संपली. पुढच्या तुकडीची मुलं व्हरांड्यात ताटकळली. आईवडील फाटकापाशी चिडले. मुलांनी टाचण्या परत करताना मावशींकडे असं बघितलं, की जणू त्यांनीच काच वाकवून ठेवली. आणि कहर म्हणजे डावरी! तिचा पहिला कागद अगदी बरोबर होता, तरी तिलाही पुन्हा करावा लागला. ती टाचण्या टेबलावर ठेवत म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा नंतर बोलला असतात तर?"

मावशींना हसावं की रडावं कळेना. महिनाभर घुम्मी असलेली पोरगी, आणि तोंड उघडलं ते याच्यासाठी! "तुझ्यासाठीच बोलले ना गं मी!"

"हो, पण माझी मान अवघडली."

त्यावर मात्र मावशी टाचण्या मोजायला लागल्या, कारण त्यांची स्वतःची मान त्या प्रयोगाने दोन दिवस अवघडली होती.

आठवड्याने मुख्याध्यापकांचं पत्र हातात पडलं. परीक्षेच्या कामकाजात व्यत्यय आणल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मावशींनी पत्र दोनदा वाचलं. एकोणतीस वर्षांतलं पहिलं.

"दोन ओळींत माफी माग आणि मोकळी हो," यजमान म्हणाले.

"माफी कशाची? टेप लावल्याची?"

 यजमानांनी स्वतःच उठून आपला चांगला पेन काढून दिला.

मावशींनी खुलासा लिहिला. माफीचं एक अक्षर नाही. वर तारीख, खाली तक्ता: चीप क्रमांक चार आणि सात, तीस अंश, पंचेचाळीस अंश, साठ अंश, प्रत्येकाचे आतले कोन, साइन, भागाकार, वजन. सोबत दोन्ही कागद जोडले, भोकांसकट. शेवटी एक वाक्य: "वरील आकडे चुकीचे असल्यास दाखवून द्यावे, मी खुलासा मागे घेईन."

मुख्याध्यापक भाषेचे शिक्षक. त्यांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला, काही बोध होईना, म्हणून तो अभिप्रायासाठी पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांकडे पाठवला. म्हणजे सरांकडेच.

शनिवारी शाळा सुटल्यावर सर प्रयोगशाळेत आले. हातात तो कागद. मावशी भांडी लावत होत्या.

"आकडे बरोबर आहेत असं मी लिहू शकत नाही," सर म्हणाले.

मावशींनी हातातलं भांडं ठेवलं. "का?"

"मी मोजलेले नाहीत म्हणून." कागद टेबलावर ठेवत सर म्हणाले, "फळा द्या एक."

मावशींनी फळा दिला, टाचण्या दिल्या. सरांनी वीस वर्षांत टाचणी लावली नव्हती. चष्मा मध्ये यायचा, काढला तर दिसायचं नाही. पहिल्या खेपेला उत्तर आलं एक सत्तावन्न.

"डोकी बघताय तुम्ही, सर," मावशी वैतागून म्हणाल्या. "टाचणी सरळ कधीच उभी राहत नाही. तिचे पाय बघा."

सर खाली वाकले, हनुवटी टेबलाला टेकवली. दुसऱ्या खेपेला एक एकसष्ट. तिसऱ्या खेपेला एक बासष्ट. सरांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. मग जर्नलांच्या गठ्ठ्यातून डावरीचं जर्नल काढायला लावलं, तीन फुल्यांच्या शेजारी तीन सह्या केल्या, आणि खुलाशावर लिहिलं: "आकडे मी स्वतः पडताळले. बरोबर आहेत." माफी वगैरे काही मागितली नाही. जाताना एवढंच म्हणाले, "उरलेल्या चिपांचं काय येतं ते बघायला पाहिजे एकदा."

पत्राचं पुढे काही झालं नाही. फाइलीत गेलं, फाइल कपाटात गेली. मावशींना कोणी कळवलंही नाही. त्यांनीच कारकुनाला तीनदा विचारून घेतलं.

उरलेल्या चिपा बघायला सर पुढच्या शनिवारी आले, त्याच्या पुढच्या शनिवारी आले, आणि मग यायचे थांबले. राहिलेल्या सहा मावशींनी सुट्टीत एकटीने मोजल्या. बहुतेक बावन्न, दोन एक्कावन्न, एक मधलीच कुठेतरी. सगळे आकडे त्यांनी सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ती यादी चिपांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दोन पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं.

तेवढ्यात नव्या तुकडीतली दोन मुलं फळे न्यायला आली. एकाने यादी वाचली, खिशातून वही काढली आणि भराभर उतरवून घ्यायला लागला.

मावशींनी त्याच्या हातातली वही ओढली, यादी फाडून काढली, आणि दोन्हींवर हात आपटत म्हणाल्या, "अरे देवा!" मग यादी घडी करून ब्लाउजमध्ये खोचली आणि त्या पोराच्या हातात चार टाचण्या कोंबल्या.